याकिनिकुचा सॉस मांसाला आधी लावायचा की नंतर? (चिकन, मटण आणि भाज्या, गोमांस नाही)

निशीकासाईकर

नमस्कार मंडळी. जपानात राहणाऱ्या आणि विस्तवाशी खेळणाऱ्या लोकांकडून सल्ला हवा आहे.

मे महिन्यातल्या सलग सुट्ट्यांत आम्ही काही जण कासाई रिनकाई पार्कच्या बार्बेक्यूच्या जागेत जमणार आहोत. ऑफिसातले तिघे जपानी सहकारी शेगडी, जाळी आणि स्वतःपुरतं बीफ घेऊन येतील. आमच्यातले दोघे गोमांस आणि डुक्कर दोन्ही खात नाहीत, बायको पूर्ण शाकाहारी. म्हणून चिकन, मटण आणि भाज्या अशी बाजू माझ्याकडे आली आहे. घरी मी चिकन बरं करतो, पण ते पातेल्यातलं. जाळीवरचं काम नवीन.

काल सुपरमार्केटात 'याकिनिकु नो तारे'च्या, म्हणजे जाळीवर भाजलेल्या मांसाच्या सॉसच्या, फळीसमोर उभा राहिलो आणि तसाच परत आलो. आमाकुची (सौम्य), चूकारा (मध्यम), काराकुची (तिखट), सफरचंदवाला, लसूणवाला, मिसोवाला, फ्रीजमध्ये ठेवलेला वेगळाच. एक सेनपाई (ऑफिसातला वरिष्ठ) सांगतो, मांस आदल्या रात्रीच तारेत बुडवून ठेव. दुसरा म्हणतो, छे, कोरडं भाजायचं आणि खाताना बुडवायचं. दोघेही तितक्याच ठामपणे सांगतात आणि दोघांचंही वजन माझ्यापेक्षा जास्त आहे, ऑफिसात आणि काट्यावरही.

तर कोणाचं ऐकू? बाटलीत गोमांसाचा अर्क वगैरे असतो का, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा. विकतचा न आणता घरी करता आला तर उत्तमच.

इकुनोवाली

तुमचे दोन्ही सेनपाई बरोबर बोलतायत, फक्त ते दोन वेगळ्या सॉसबद्दल बोलतायत.

याकिनिकुच्या दुकानात स्वैपाकघरातला सॉस वेगळा आणि टेबलावरचा वेगळा. कच्च्या मांसाला चोळतात तो मोमिदारे: सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल, साखर असली तर बेताची. भाजलेला तुकडा बुडवून खातात तो त्सुकेदारे: जास्त गोड, फळाची आंबटगोड चव असलेला. सुपरमार्केटच्या फळीवरच्या बहुतेक बाटल्या या दुसऱ्या जातीच्या, निदान त्या जातीकडे झुकलेल्या. बाटलीवर 'चोळा किंवा बुडवा, दोन्ही चालेल' असं लिहिलेलं असतं, पण ते विकणाऱ्याच्या सोयीसाठी.

आता खरा मुद्दा. हा सगळा प्रकार बसवलेला आहे पातळ कापलेल्या बीफसाठी. कारुबीचा (बरगडीजवळच्या बीफचा) काप जाळीवर टाकला की एका बाजूला अर्धा-पाऊण मिनिट, उलटला, झालं. तेवढ्या वेळात सॉसमधल्या साखरेला नुसता रंग चढतो, वास सुटतो आणि तुकडा तोंडात जातो. चिकनच्या मांडीचा तुकडा जाड. तो आतपर्यंत शिजायला सात-आठ मिनिटं सहज लागतात. तोवर त्याच साखरेचा कोळसा होतो, बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी. दोष ना सॉसचा ना तुमचा, गणितच वेगळं आहे. म्हणून बीफच्या पाककृती बघून चिकन करू नका.

चिकनसाठी मी असं करते. बिनहाडाची मांडी (दुकानात 'मोमो' लिहिलेली) जाड असेल तिथे सुरीने चिरून एकसारखी पसरट करते, मग दोन बोटं रुंदीचे तुकडे. चोळायला फक्त सोया, साके (तांदळाची दारू), लसूण, आलं, तिळाचं तेल. साखर शून्य. वीस मिनिटं पुरे. रात्रभर नको, सोया सॉसमध्ये मीठ सोळा टक्क्यांच्या आसपास असतं, ते मांसातलं पाणी ओढून काढतं आणि तुकडा चिवट, खारट होतो. जाळीवर टाकताना निथळून टाका. कातडीची बाजू आधी खाली. पूर्ण शिजल्यावर शेवटच्या मिनिटाला गोड तारे ब्रशने लावा, उलटा, पुन्हा लावा, काढा. चकाकी येते आणि करपत नाही. वर खाताना बुडवायला वाटीत वेगळा तारे ठेवा.

मी ओसाकाच्या इकुनो वॉर्डात राहते, त्सुरुहाशी स्टेशन चालत अंतरावर. लूप लाइनची गाडी त्सुरुहाशीला थांबून दार उघडलं की डब्यात भाजलेल्या मांसाचा वास शिरतो. पर्यावरण मंत्रालयाने २००१ साली देशातल्या सुवासिक जागांची शंभराची यादी काढली, त्यात फुलांच्या बागा आणि देवराया आहेत तसा हा त्सुरुहाशीचा धूरही आहे. सरकारी यादीत शिरलेला हा एकमेव धूर असेल, ज्याच्याविरुद्ध मी तक्रार करणार नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण बाटलीवर माउंट फुजी बघून लोकांना वाटतं की हा शेकडो वर्षांचा जपानी सॉस आहे. तसं नाही. युद्ध संपल्यावर ओसाका-तोक्योत राहिलेल्या कोरियन लोकांनी काळ्या बाजाराच्या आजूबाजूला आतडी-कोठे भाजून विकायला सुरुवात केली, त्यातून याकिनिकुची दुकानं वाढली. सोया, लसूण, तीळ, तिखट हा मसाला त्यांचा. एबारा कंपनीने १९६८ साली घरगुती बाटली आणली तेव्हा त्यावर 'कोरियाई धर्तीचा' अशा अर्थाचे शब्द छापलेले होते. त्यांचाच 'ओगोन नो आजी' आला १९७८ मध्ये, सफरचंदाच्या गरावर उभा केलेला, आणि तिथून घराघरातली चव गोडाकडे वळली. १९९१ मध्ये बीफची आयात खुली झाली, मांस स्वस्त झालं, मग काय, दर रविवारी हॉटप्लेट. माझी घरमालकीण कोरियन वंशाची आहे, सत्तरीच्या पुढची. ती या बाटल्यांना 'मुलांचा सॉस' म्हणते. तिच्याकडे मुलं आली की तीच बाटली फ्रीजमधून काढते, ते सोडा.

तुम्हाला बाटलीच घ्यायची असेल तर चूकारा घ्या, मधली तिखट. आमाकुची मुलांसाठी ठीक. काराकुची आपल्या लोकांना तिखट लागणारच नाही, तेव्हा 'कारा' शब्दाला घाबरू नका. फ्रीजमधला वेगळा दिसला तो बहुधा मोरानबोनचा 'जान' असेल. तो न उकळलेला असतो म्हणून गारच ठेवावा लागतो. लसूण-सफरचंदाची चव त्यात जास्त ताजी लागते. पार्कात नेणार असाल तर बर्फाच्या पेटीत.

खटपट्या

इकुनोताईंशी सहमत. एक भर.

मी मिए प्रांतात असतो, मात्सुसाकापासून जवळ. मात्सुसाका म्हटलं की जगाला बीफ आठवतं, पण गावातले लोक आठवड्याच्या संध्याकाळी खातात ते कोंबडीचं याकिनिकु. जाळीवर कोंबडी आणि बुडवायला लाल मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) दाट तारे. आजूबाजूला कोंबडीपालन होतं, अंडी देणं थांबलेल्या कोंबड्यांचं करायचं काय, यातून हे रुळलं असं इथले लोक सांगतात. दुकानात आजही दोन प्रकार मिळतात, 'वाकादोरी' म्हणजे कोवळी आणि 'हिनेदोरी' म्हणजे म्हातारी. म्हातारी चावायला जबडा लागतो, पण चव तिचीच.

सांगायचं कारण: गोमांस न खाणाऱ्या पाहुण्यांना 'तुमच्यासाठी वेगळं काहीतरी केलंय' असं वाटायला नको. कोंबडीचं याकिनिकु ही इथली अस्सल गोष्ट आहे, तडजोड नाही. तुमच्या जपानी सहकाऱ्यांपुढे मात्सुसाकाचं नाव काढा, तेही चिमटा घेऊन तुमच्या बाजूला सरकतील.

मिसो तारे सोपा आहे: लाल मिसो, मिरिन (स्वैपाकाची गोड दारू), साखर, थोडं साके मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत, मग किसलेला लसूण आणि भाजून कुटलेले तीळ. तिखट हवं तर इचिमी (लाल मिरचीपूड). पण हाही करपतो, सोयापेक्षा लवकर. बुडवायलाच ठेवा.

बर्फातला_माणूस

साप्पोरोहून थोडा विरोध नोंदवतो. 'रात्रभर नको' हे चिकनला ठीक. मेंढीला लागू नाही.

आमच्याकडे जिंगिसुकानवरून (भाजलेलं मेंढीचं मांस) हाच वाद पिढ्यान् पिढ्या चाललाय. साप्पोरोत मांस साधं भाजून तारेत बुडवतात. ताकिकावा बाजूला आधीच सफरचंद-कांद्याच्या रसातल्या तारेत मुरवतात. दोन्हीकडची माणसं समोरच्याला मांसातलं कळत नाही असंच समजतात. याला जुना इतिहास आहे. १९१८ मध्ये सरकारने दहा लाख मेंढ्या पाळायची योजना काढली, लोकरीसाठी, सैन्याच्या गणवेशासाठी. ताकिकावा आणि त्सुकिसामु इथे सरकारी मेंढीकेंद्रं होती. लोकर राहिली बाजूला, लोक मांस खायला शिकले. १९५६ मध्ये बेल कंपनीचा जिंगिसुकान तारे बाटलीत आला. ताकिकावाचं मुरवलेलं मांस विकणारं मात्सुओसुद्धा त्याच वर्षीचं.

मुरवलेलं मांस करपत कसं नाही? कारण ते जाळीवर जात नाही. घुमटाच्या आकाराचा लोखंडी तवा असतो, वर खाचा. माथ्यावर चरबीचा तुकडा फिरवायचा, मांस उतारावर, कडेच्या पन्हाळीत कांदा, मोड आलेले मूग (मोयाशी), लाल भोपळा. रस आणि तारे ओघळून भाजीत जातो. अर्धं भाजणं, अर्धं शिजवणं. शेवटी त्याच रसात उदोन (जाड शेवया) टाकतात.

तेव्हा मटणासाठी माझा सल्ला: जाळीचा नाद सोडा, असा तवा न्या. साधे बिडाचे तवे होमसेंटरमध्ये मिळतात आणि निखाऱ्यावर चालतात. मांस मात्र भारतीय दुकानातलं हाडाचं रश्श्याचं मटण नको, ते इतक्या वेळात शिजणार नाही. गोठवलेले लॅम्बचे पातळ काप मिळतात, 'जिंगिसुकानसाठी' असं लिहिलेले, खांद्याचे. ते घ्या.

निशीकासाईकर

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तवा पक्का. मात्सुसाकाची गोष्ट सोमवारी ऑफिसात वापरतो.

इकुनोताई, घरच्या त्सुकेदारेची कृती द्याल का? आणि बायकोचा प्रश्न: भाज्यांना तोच सॉस चालेल का, की त्यात काही लपलेलं असतं? तिसरं, एका जपानी सहकाऱ्याने सुचवलंय की पाऊस आला तर आमच्याच मानशॉनच्या (फ्लॅटच्या इमारतीच्या) बाल्कनीत करू. तिला ते फारसं पटलेलं नाही.

इकुनोवाली

वहिनींचं बरोबर आहे, आधी तेच. मानशॉनची बाल्कनी ही बहुतेक इमारतींत सामाईक जागा धरतात, तुम्हाला फक्त वापरायला दिलेली, आणि इमारतीच्या नियमांत तिथे विस्तव पेटवायला बंदी असते. शिवाय शेजाऱ्यांचे फुतोन (गाद्या) वाळत असतात. पाऊस आला तर घरात बसून करा, गॅसच्या डब्यावर चालणारी धूर कमी करणारी शेगडी मिळते, इवातानीची 'याकिमारु' त्यातली एक. जाळीऐवजी तिरकी पाटी, तिचं तापमान साधारण २१० ते २५० अंशांत राहतं, खाली पाण्याचा ट्रे. चरबी पाण्यात पडते, जळत नाही, म्हणून धूर कमी. निखाऱ्याचा खमंगपणा त्यात नाही, पण शेजारी बोलतात तरी. खिडकी मात्र उघडी ठेवा. आणि कोळसा घरात कधीच पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता लपलेलं काय असतं ते. जपानी लेबलवर ॲलर्जीची सक्ती मोजक्याच पदार्थांची आहे: अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, नंतर आलेला अक्रोड वगैरे. बीफ, डुक्कर, चिकन हे 'लिहावं अशी शिफारस' या यादीत आहेत. म्हणजे ॲलर्जीच्या चौकटीत दिसलं नाही म्हणून नाहीच असं धरू नका. मूळ घटकांची ओळ वाचा. 'एकिसु' (अर्क) हा शब्द शोधा आणि त्याच्या आधी काय लिहिलंय ते बघा: बीफ, पोर्क, चिकन, कात्सुओ (मासा). फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून घ्या. फळांवर आधारलेल्या काही बाटल्यांत असं काही नसतं, काहींत असतं, आणि एकाच कंपनीच्या दोन चवींत फरक असू शकतो. दारू नको असणारं कोणी असेल तर मिरिन, साके आणि 'शुसेइ' (अल्कोहोल) हे तीन शब्दही बघा.

घरी केलात तर हा प्रश्नच उरत नाही. माझं प्रमाण:

मिरिन पाव वाटी आणि साके पाव वाटी छोट्या पातेल्यात उकळा. मिरिन खरं घ्या, 'होन-मिरिन'. त्यात दारू चौदा टक्क्यांच्या आसपास असते, ती उडाली पाहिजे, म्हणून दोन मिनिटं खळखळू द्या. वाफेजवळ ज्योत नेऊ नका, भपका होतो. मग सोया सॉस अर्धी वाटी, साखर दोन मोठे चमचे, अर्धं सफरचंद सालासकट किसून, पाव कांदा किसून, लसणाच्या दोन पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, कांद्याचा उग्र वास जाईपर्यंत. उतरवल्यावर एक चमचा मिसो विरघळवा, तिळाचं तेल एक चमचा, भाजलेले पांढरे तीळ बोटांनी चुरडून. तिखटाला गोचुजान किंवा तोबानजान (मिरचीच्या पेस्ट), जे घरात असेल ते. तोबानजान खारट असतो, तेव्हा बेतानं. गार झाल्यावर काचेच्या बाटलीत एक रात्र फ्रीजमध्ये. त्याच दिवशी चाखाल तर सोया एकीकडे, सफरचंद दुसरीकडे असं लागतं. दुसऱ्या दिवशी जमतं. आठवडाभर टिकतो.

काही लोक मांस मऊ व्हावं म्हणून किवी किंवा अननस घालतात. ते फळ कच्चं असेल तरच काम करतं, उकळलं की त्यातलं एन्झाइम मरतं. आणि कच्चं घातलंत तर घड्याळ लावा, अर्ध्या तासात चिकनच्या कडा पिठाळ व्हायला लागतात. मांडीच्या मांसाला त्याची गरजच नाही, ते आधीच मऊ असतं.

भाज्यांमध्ये एरिंगी आणि शिइताके या अळंब्या: एरिंगी उभे चिरून, शिइताके देठ काढून टोपी उलटी (वाटीत पाणी सुटलं की झालं, त्यात दोन थेंब तारे), पीमान (छोटी ढोबळी मिरची) आख्खे, भोपळा अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप आधी थोडे वाफवून. वहिनींसाठी 'आत्सुआगे' घ्या, तळलेला जाड तोफू. बाहेरून कुरकुरीत होतो आणि तारे असा पितो की मांसवाले मागायला येतात. तिच्यासाठी जाळी वेगळी न्या, छोटी शंभर येनच्या दुकानात मिळते. एकाच जाळीचा कोपरा 'शाकाहारी' ठरवलात तर तो पंधरा मिनिटं टिकतो.

खटपट्या

कोळशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. बिंचोतानच्या (टणक लाकडी कोळशाच्या) मोहात पडू नका. किशूचं बिंचोतान उत्तम, तास न् तास जळतं, पण पेटायलाच फार वेळ घेतं आणि नीट न तापवता टाकलं तर तडतडून उडतं. पार्कात मुलं असतील. साधा मॅनग्रोव्हचा कोळसा किंवा भुशाचा दाबलेला 'ओगातान' चालेल. निखारे एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला विरळ. चिकन ढिगाच्या बाजूला रंग येईपर्यंत, मग विरळ बाजूला आत शिजेपर्यंत. चरबी पडून ज्वाळा उठली तर पाणी मारू नका, तुकडा बाजूला सरकवा.

इकुनोवाली

आणि चिमटे दोन. कच्च्याचा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा, मुठीला रंगीत चिकटपट्टी लावून. खाण्याच्या काड्यांनी कच्चं चिकन उचलायचं नाही. इथल्या आरोग्य खात्याचं सांगणं आहे की आत ७५ अंशाला निदान एक मिनिट शिजलं पाहिजे. कोंबडीतला कॅम्पिलोबॅक्टर थोडासा गेला तरी आडवं करतो, आणि तोही लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी, म्हणजे बरोबर सुट्टी संपल्यावर. चोळलेल्या मांसाखाली उरलेला सॉस वाटीत घ्यायचा नाही. वापरायचाच असेल तर उकळून.

बर्फवाले, तुमच्या तव्याला माझा विरोध नाही. फक्त निशीकासाईकरांना एवढं सांगा की नवा बिडाचा तवा आदल्या दिवशी घासून, तापवून, तेल लावून ठेवायचा असतो.

बर्फातला_माणूस

हो, ते राहिलंच. साबणाने एकदाच धुवा, कोरडा तापवा, भाजीचे टाकाऊ तुकडे तेलात परता, ते फेकून द्या. आणि लॅम्ब आदल्या रात्री गोठवलेलंच तारेत टाका, फ्रीजमध्ये सुटता सुटता मुरतं. एक किलोला बाटली पुरते.

निशीकासाईकर

यादी केली: दोन चिमटे, दोन जाळ्या, तवा, ओगातान, होन-मिरिन, आत्सुआगे. तारे शुक्रवारी रात्री करतो. सेनपाईंना सांगितलं की दोघांचंही बरोबर आहे, तर दोघेही थोडे नाराज झाले.

इकुनोवाली

होणारच. तीळ सगळ्यांना चालतात ना, तेवढं आधी विचारून घ्या, मग तारे करा.